कॉमिक्सच्या कट्ट्यावर आधी चौकट, मग मत

ठाण्यात आमचा कॉमिक्स वाचणाऱ्यांचा कट्टा महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी भरतो. बारा-पंधरा माणसं येतात. कॉमिक्समध्ये कोण दिसतं, कसं दिसतं आणि त्यांच्याबद्दल आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हा विषय निघाला की पहिली दोन वर्षं हमखास एकच व्हायचं. एक जण म्हणायचा, "हल्ली सगळं जबरदस्तीने घुसवतात." समोरून उत्तर, "तुझ्यासारख्यांमुळेच." पुढची चाळीस मिनिटं त्या दोघांची. बाकीचे चहाच्या कपात बघत. त्या दिवशीचा अंक मात्र कुणी उघडलेलाच नसायचा.

आता नेरुळ आणि डोंबिवलीहून येणाऱ्यांनी आपापले कट्टे सुरू केलेत आणि तेही त्याच खड्ड्यात पडतायत. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय. क्रम बदलू नका. आमची बहुतेक भांडणं माणसं वाईट होती म्हणून झाली नाहीत, नंतरच्या पायरीचं बोलणं पहिल्याच पायरीवर झालं म्हणून झाली.

टप्पा १ : विषय एका अंकाएवढा लहान करा

"कॉमिक्समधल्या स्त्रिया" हा विषय घेऊ नका. "कॉमिक्स आणि जात" हाही नको. एवढ्या मोठ्या विषयावर प्रत्येक जण घरूनच मत घेऊन येतो आणि ते मांडायला अंक लागत नाही. एक अंक घ्या, फार तर दोन. त्यातली पाच-सहा पानं ठरवा आणि आठवडाभर आधी कळवा.

दोन अंकांची जोडी लावली तर सूत्रधाराचं अर्धं काम वाचतं. आमच्याकडे सगळ्यात छान रंगलेली जोडी म्हणजे अमर चित्र कथेचा बाबासाहेब आंबेडकरांवरचा १९७९चा अंक आणि 'नवयान' प्रकाशनाने २०११मध्ये काढलेलं 'भीमायन'. माणूस तोच, आयुष्य तेच. पण 'भीमायन'ची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलीत आणि त्यांनी माणसांना चौकोनी चौकटीत कोंबायला नकार दिला. तिथे पान विभागतं ते गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या 'दिगना' नक्षीने. बोलण्याचे फुगेही वेगवेगळ्या प्रकारचे. (आधी 'वेगवेगळ्या जातीचे' लिहिलं होतं. खोडलं.) सरळ मनाच्या माणसाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचाराचा फुगा आणखी निराळा.

"कॉमिक्समध्ये जात कशाला आणायची" असं म्हणत आलेला आमचा एक जुना मेंबर त्या दिवशी वीस मिनिटं नुसत्या नांग्या शोधत होता. मध्येच म्हणाला, "अरे, याचा फुगा आधी पक्षी होता ना?" मग पान उलटून मागे गेला. चर्चा तिथून सुरू झाली.

तपासा: तुमचा विषय "या पानावर…" असा सुरू होणाऱ्या वाक्यात बसतो का? बसत नसेल तर तो अजून मोठा आहे.

टप्पा २ : चार ओळींची चिठ्ठी

प्रत्येक अंकासाठी चार गोष्टी एका कागदावर लिहा: कुणी लिहिलं, कुणी काढलं, पहिल्यांदा कधी आलं, आणि आपल्या हातात आहे ती आवृत्ती कोणती. शेवटची ओळ लोक गाळतात आणि तिथेच फसतात.

'टिनटिन इन द कांगो'चंच बघा. मूळ कृष्णधवल पुस्तक १९३१चं. त्यात टिनटिन हा बेल्जियन पत्रकार, तेव्हा बेल्जियमची वसाहत असलेल्या कांगोतल्या मुलांच्या वर्गात उभा राहून "तुमचा देश, बेल्जियम" असा धडा शिकवतो. १९४६च्या रंगीत आवृत्तीत टिनटिनचा निर्माता एर्जे याने तोच प्रसंग बदलून गणिताचा तास केला. आता एकाने जुनी आवृत्ती वाचली असेल आणि दुसऱ्याने नवी, तर पहिला "केवढा वसाहतवाद" म्हणणार आणि दुसरा "बेरीज शिकवतोय, त्यात काय" म्हणणार. दोघंही आपापल्या पानापुरते खरे. आफ्रिकी माणसांची जाड ओठांची व्यंगचित्रं मात्र दोन्हीकडे आहेत, त्यामुळे भांडायचंच असेल तर त्यावर भांडा.

दुसरी चूक, सिनेमा आणि कॉमिक्सची खिचडी. पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन म्हणजे २०२३च्या ॲनिमेशनपटात मुंबटन या काल्पनिक शहरात केस उडवत फिरणारा पोरगा, एवढंच आमच्या कॉलेजवाल्या मंडळींना माहीत होतं. २००४च्या कॉमिक्समधला पवित्र, जीवन कांगने काढलेला, धोतरासारखा पोशाख घालतो आणि त्याला शक्ती देतो एक योगी. कोळी चावलेला नाही, साधू भेटला! 'भारतीय स्पायडरमॅन' आवडला की नाही, हे त्या योग्याकडे बघून ठरवायचं की मुंबटनकडे, हे चिठ्ठीत लिहिलेलं नसेल तर तासभर दोन वेगवेगळ्या पोरांवर चर्चा होते.

तिसरी चूक म्हणजे ओळखीचं नाव दिसलं की पात्र आपल्या गावचं समजणं. मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये मिस मार्व्हल ही सुपरहिरो झालेली कमला खान भारतीय नव्हे. ती पाकिस्तानी-अमेरिकन कुटुंबातली, राहणारी जर्सी सिटीची. पहिली झलक २०१३मध्ये, स्वतःची मालिका २०१४पासून, लेखन जी. विलो विल्सनचं, तिच्यामागे संपादक सना अमानत.

टप्पा ३ : शब्द आधी ठरवा, बैठकीत नव्हे

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. "आपल्यात काय एवढं" म्हणून. आपल्यातच असतं. बैठकीत कुणाचा शब्द धरला की तो माणूस धरल्यासारखं होतं. म्हणून त्या अंकात येणाऱ्या समूहांसाठी कोणते शब्द वापरायचे, ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून सगळ्यांच्या हातात द्या.

नियम एकच: माणसं स्वतःला जे म्हणवतात ते. पण एकाच समूहातली माणसंही एकच शब्द वापरत नाहीत, तेव्हा समोर बसलेल्याला विचारा. सरकारी कागदावर 'दिव्यांग' आहे, आमच्याकडे व्हीलचेअरवर येणाऱ्या ताईंना तो शब्द अजिबात आवडत नाही. "दिव्य काही नाही, रॅम्प नाही एवढंच," म्हणतात. त्या स्वतःला अपंग म्हणवतात. दुसऱ्या एका सभासदाला नेमका 'अपंग' खटकतो. दोघांसाठी दोन शब्द वापरायला काही पैसे पडत नाहीत.

आमच्या चिठ्ठीवर वारंवार येणारे काही:

– 'मुका-बहिरा' नको, 'कर्णबधिर' किंवा 'बधिर' म्हणा. न ऐकणारा माणूस मुका असतोच असं नाही, आणि खुणांनी बोलणाराही बोलतच असतो. मार्व्हलच्या 'हॉकआय' मालिकेचा २०१४चा १९वा अंक हातात घ्या. त्यात खुणांची भाषा चौकटीत हातांनी काढलीय आणि खाली अर्थ दिलेला नाही. आमच्यातल्या ऐकणाऱ्या सगळ्यांना त्या दिवशी आपणच काहीतरी ऐकायचं राहिलं असं वाटलं.

– 'हरिजन', 'खालच्या जातीचा' नको. 'दलित' म्हणा, किंवा संदर्भ असेल तर 'ज्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं' असं पूर्ण वाक्य बोला. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं राज्य सरकारने डिसेंबर २०२०मध्ये ठरवलं. कट्ट्यावरचे शब्द बदलायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही.

– 'जंगली लोक' नको, 'आदिवासी' म्हणा, आणि जमात माहीत असेल तर तिचंच नाव घ्या: वारली, कातकरी, ठाकूर, गोंड.

– आफ्रिकी किंवा आफ्रिकी-अमेरिकन पात्राला 'निग्रो' म्हणायची सवय आमच्या पिढीला जुन्या पुस्तकांनी लावली. 'कृष्णवर्णीय' म्हणा.

– 'चिंकी' हा शब्द मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचणाऱ्या पोरांच्या तोंडून गमतीत निघतो. कट्ट्यावर ईशान्येकडची एक मुलगी येते, तिला शाळेत त्याच शब्दाने हाक मारायचे.

– 'छक्का' फक्त क्रिकेटमध्ये. माणसांसाठी 'तृतीयपंथी', 'पारलिंगी', किंवा ती व्यक्ती सांगेल ते.

यात मराठीची एक खास अडचण आहे. इंग्रजीत सर्वनामापाशी थांबता येतं, आपल्याकडे क्रियापदच लिंग सांगतं. "आला" म्हणायचं की "आली", हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. उपाय सोपा आहे. ती व्यक्ती स्वतःबद्दल बोलताना "मी आलो" म्हणते की "मी आले", तिकडे कान द्या. कळलं नाही तर "आलात का, बसा" हे आदरार्थी बोलणं आहेच. पात्राचं म्हणाल तर लोकीसारखं रूपाबरोबर लिंगही बदलणारं पात्र त्या पानावर जसं असेल तसं बोला. पान बदललं की क्रियापद बदललं, बिघडत नाही.

आणि हाक मारणं. आमच्याकडे घोडबंदरहून येणाऱ्या आर्किटेक्टला सगळे "सर" म्हणायचे आणि वागळे इस्टेटमधून येणाऱ्या, अंक पाठ असलेल्या पोराला "ए". हे कुणी ठरवलं नव्हतं, नकळत झालं होतं. आता वय बघून ताई-दादा-काका, नाहीतर सरळ नाव. सर कुणीच नाही.

सावधान: ही यादी शिस्तीची छडी नव्हे. नवा माणूस चुकला की यादी नाचवणारा एक तरी भेटतोच. त्याला चहा आणायला पाठवा.

टप्पा ४ : जागा आणि वेळ

तलावपाळीला कट्टा जमवायचा मोह होतो. रविवारी संध्याकाळी तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे नको. दोन वर्षं आम्ही एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत भरायचो, जिला लिफ्ट नव्हती. "आमच्याकडे अपंग वाचक येतच नाहीत," असं मी तेव्हा बिनदिक्कत सांगायचो. तळमजल्यावर गेलो आणि दुसऱ्याच महिन्यात त्या ताई आल्या. नंतर लिफ्टवाली जागा मिळाली.

रविवारचा मेगाब्लॉक बघून वेळ ठरवा, ट्रान्सहार्बरने वाशी-नेरुळला परत जाणाऱ्यांना विचारून संपवा. साडेसातच्या पुढे ताणलं तर शेवटच्या अर्ध्या तासात मुली आधी उठतात, आणि मग 'सगळ्यांचं मत' म्हणून उरलेल्या पुरुषांचं मत लिहिलं जातं.

टप्पा ५ : पहिली पंधरा मिनिटं विशेषणं बंद

आता खरी बैठक. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी ठरलेली पानं गप्प बसून वाचायची, आधी वाचली असली तरी. पुढची दहा मिनिटं फक्त जे दिसतं ते सांगायचं. 'भारी', 'घाण', 'पुरोगामी', 'जुनाट' यातलं काही नाही. मी टेबलावर वाटाण्यांची वाटी ठेवतो. विशेषण निघालं की एक वाटाणा त्याच्यापुढे. शाळकरी वाटतं, पण हसत-हसत चालतं.

काय बघायचं?

चौकटीत उंच कोण आणि बुटका कोण. चेहरा पूर्ण कुणाचा दिसतो आणि पाठमोरं कोण. फुगे मोजा: पानावर कुणाचे किती. नाव कुणाला आहे आणि 'एक म्हातारा', 'एक पहारेकरी' कोण. त्वचेचा रंग कुणाला कोणता दिलाय. हा शेवटचा प्रश्न जुन्या भारतीय कॉमिक्सना विचारून बघाच: देव-राजपुत्र गुलाबी-गोरे, राक्षस काळे-तपकिरी, आणि राक्षस चांगला निघाला की बऱ्याचदा रंगही थोडा उजळतो. आम्ही एकदा पाच अंक पसरून नुसते रंग मोजले. ज्या काकांनी "रंगात काय शोधायचं" म्हणून कुरकुर केली होती, तेच सगळ्यात भराभर मोजत होते.

ॲलिसन बेक्डेलच्या १९८५च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून आलेली कसोटीही इथे चालते: दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? सिनेमासाठी निघालेली आहे, कॉमिक्सला लागू पडते. पण ती उत्तीर्ण झाली म्हणून अंक चांगला ठरत नाही. ताप मोजला म्हणजे निदान झालं नव्हे.

मोठ्याने वाचताना जपा. इंग्रजी अंक वाचता-वाचता मराठीत सांगायची पद्धत सगळीकडे आहे आणि तिथे एक गोष्ट हमखास होते. नायक शुद्ध पुस्तकी मराठीत बोलतो आणि बंदरावरचा हमाल, गुंडाचा साथीदार, स्वयंपाकीण यांना सांगणारा आपसूक आगरी, मालवणी नाहीतर वऱ्हाडी करून टाकतो. मूळ अंकात ते सगळे सरळ इंग्रजी बोलत असतात! आमच्याकडे एकाने बॅटमनच्या गुंडाला 'मना'-'तुना' करत झकास आगरी बोलायला लावलं, हशाही झाला. ऐरोलीच्या गावठाणातला एक मेंबर शांतपणे म्हणाला, "माझी आजी असंच बोलते. बॅटमनच कधी आगरी का बोलत नाही?" पुढच्या बैठकीत त्यानेच बॅटमन आगरीत वाचला. गॉथमच्या अंधारात त्या बोलीला जो खर्ज चढला, तो पुस्तकी मराठीला कधी चढला नव्हता.

तेव्हा नियम असा: मूळ अंकात बोलीचा फरक असेल तरच सांगताना करा. आणि चौकटीत एखादी जातिवाचक किंवा वंशवाचक शिवी छापलेली असेल तर तिच्यावर बोट ठेवा, वाचून अभिनय करू नका. सगळ्यांना वाचता येतं.

तपासा: पंधरा मिनिटांनंतर प्रत्येकाने निदान एक दिसलेली गोष्ट सांगितली का? गप्प असलेल्याला थेट "तुझं मत?" असं विचारू नका. "तू कोणत्या चौकटीवर थांबलीस?" असं विचारा.

टप्पा ६ : गोष्ट, मग निर्माते, मग जग

विशेषणांवरची बंदी उठली. पण एकदम सगळीकडे नव्हे.

आधी गोष्ट. या पात्राला स्वतःची इच्छा आहे, की ते दुसऱ्याच्या कामाला आलंय? लेखिका गेल सिमोन हिने १९९९मध्ये अशा स्त्री-पात्रांची यादी केली होती, ज्यांच्यावरचा अत्याचार केवळ नायकाला पेटवण्यासाठी घातलेला असतो. 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात नायकाची मैत्रीण मारून फ्रिजमध्ये ठेवलेली सापडते, त्यावरून त्या यादीला नाव पडलं. आम्ही कट्ट्यावर नुसतं "फ्रिज आहे का?" असं विचारतो. इथे एक घोळ कायम होतो: अत्याचार दाखवला म्हणजे त्याला पाठिंबा दिला, असं धरून चालतात. दाखवणं वेगळं. 'भीमायन'मध्ये पाणी नाकारणारे फुगे आहेत, ते नांगीसकट आहेत.

बॅटमनच्या कॉमिक्समधली बॅटगर्ल, म्हणजे बार्बरा गॉर्डन, हिच्यावर आम्ही दोन बैठका घालवल्या आणि तिसरीही घालवू. १९८८मध्ये जोकर हा खलनायक तिला गोळी घालून अपंग करतो, तेही तिच्या वडिलांना मोडण्यासाठी. म्हणजे फ्रिजच. पुढच्याच वर्षी किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तिला व्हीलचेअरवरची ओरॅकल केलं: माहितीचं जाळं चालवणारी, जिच्याशिवाय बाकीच्यांचं पान हलत नाही. मग २०११मध्ये ती पुन्हा उभी राहून बॅटगर्ल झाली. एक जण सहज म्हणाला, "बरी झाली, चांगलंच की." ताई म्हणाल्या, "तुझ्यासाठी बॅटगर्ल परत आली. माझी ओरॅकल गेली." त्यावर बाजू मांडल्या गेल्या, दोन्हीकडून. एकाचं म्हणणं होतं की बार्बरा मुळात बॅटगर्ल होती, तिला कायमचं जखमी ठेवणं म्हणजे जोकरला जिंकवणं. हे म्हणणंही पोकळ नाही. पण ते ताईंच्या वाक्यानंतर आलं, आधी नाही, हे बरं झालं.

मग निर्माते. रेघ कुणाची आणि नाव कुणाचं? 'भीमायन'वर व्याम दांपत्याचं नाव चित्रकार म्हणून आहे. आता कुठलंही 'वारली शैलीतलं' कॉमिक्स, दिनदर्शिका, चहाचा कप घ्या आणि वारली चित्रकाराचं नाव शोधा. जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचा भाग अजून ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर २०१४मध्ये वेगळा झाला. आपल्याच जिल्ह्यातली कला आपण 'बॉर्डर डिझाइन' म्हणून वापरतो.

एक बजावून सांगतो: लेखक त्या समाजातला नाही म्हणून पुस्तक आपोआप खोटं ठरत नाही, आणि समाजातला आहे म्हणून आपोआप चांगलं ठरत नाही. पानांवर परत या.

शेवटी जग, म्हणजे छापणारे, विकणारे, नियम करणारे. इथे एकच उदाहरण पुरतं. १९५३मध्ये ईसी कॉमिक्सच्या 'जजमेंट डे' या गोष्टीत एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर भेदभाव तपासायला जातो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचं दिसतं, कपाळावरचे घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकत असतात. १९५६मध्ये ती पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा कॉमिक्स कोडच्या, म्हणजे अमेरिकी प्रकाशकांनीच नेमलेल्या सेन्सॉरच्या, तपासनिसांनी म्हटलं, अंतराळवीर काळा नको. प्रकाशकाने ऐकलं नाही, आहे तशी छापली. 'राजकारण हल्लीच शिरलं' म्हणणाऱ्यासमोर ही एक चौकट ठेवा आणि गप्प बसा.

सावधान: कुणालाही त्याच्या समाजाचा वकील करू नका. कमला खानच्या बैठकीत आम्ही सगळे मुंब्र्याहून येणाऱ्या मुलीकडे वळून बघायला लागलो. ती म्हणाली, "मला टिनटिनमधला कॅप्टन हॅडॉक आवडतो."

टप्पा ७ : शब्द घसरला तर

घसरतोच. माझाच घसरला होता आणि मी सूत्रधार होतो.

बॅटमनचा अंक होता. गॉथममधलं मनोरुग्णालय, अर्कम, १९७४मध्ये पहिल्यांदा कॉमिक्समध्ये आलं असं मी सांगत होतो आणि पुढे जोडून दिलं, "अर्कम म्हणजे गॉथमचं ठाणं." महाराष्ट्रात कुणालाही 'ठाण्याला पाठवा'चा अर्थ समजवावा लागत नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१पासूनचं आहे आणि आम्ही ठाणेकर हा विनोद स्वतःवरच करत मोठे झालो. सगळे हसले. एक काकू हसल्या नाहीत. चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझा भाऊ होता तिथे, अकरा महिने. बरा झाला, नोकरी करतो. पण राहतोस कुठे विचारलं तर अजून मुलुंड सांगतो."

पुढे मी दुसरी चूक केली. मी दहा मिनिटं खुलासा करत बसलो. मला तसं म्हणायचं नव्हतं, माझाही एक मित्र आहे, वगैरे. शेवटी त्याच मला "जाऊ दे रे, एवढं काय" म्हणत समजावत होत्या. म्हणजे दुखावलं त्यांना आणि फुंकर मला.

आता आम्ही तीन वाक्यांवर थांबतो:

१. "मी अमुक म्हणालो, ते चुकलं."
२. "त्याऐवजी अमुक म्हणायला हवं होतं."
३. "पान अमुक, पुढे."

'कुणाला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द नको. त्यात माफी 'असेल-तर'मध्येच अडकते. ज्याचा शब्द खटकला त्याला बाकीच्यांनीही घेरू नये. सूत्रधाराने एकदा सांगितलं की झालं, री ओढू नका. मुद्दाम, पुन्हा-पुन्हा, नेम धरून बोलणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला बैठकीनंतर एकट्याला गाठा, आणि दुसऱ्यांदा झालं तर पुढच्या महिन्यात बोलावू नका. चार वर्षांत आमच्यावर ही वेळ एकदाच आली.

पुढच्या बैठकीत त्या काकूंनीच प्रश्न आणला: अर्कममधून बरा होऊन बाहेर पडलेला एक तरी रुग्ण आपल्या हातातल्या अंकांत दाखवा. आम्ही सगळे अंक उलटेपालटे करत राहिलो. आमच्या टेबलावर एकही सापडला नाही.

टप्पा ८ : "जबरदस्तीने घुसवलंय" आलंच तर

त्या माणसाला पळवून लावू नका आणि त्याच्याशी तत्त्वावर वादही घालू नका. एकच प्रश्न: "कोणत्या पानावर?"

कधीकधी तो पान दाखवतो आणि त्याचं बरोबर असतं. पात्र भाषण ठोकत असतं, त्याला ओळख सोडून दुसरा गुणच नसतो, लेखकाने एक रकाना भरलेला असतो. ही लेखनावरची टीका आहे, तिला मोकळी वाट द्या. टीका करणाऱ्याला लगेच 'अमुकविरोधी' ठरवण्याची खोड आमच्या कट्ट्यावर 'जबरदस्तीने घुसवलंय' म्हणण्याच्या खोडीइतकीच होती, खरं तर जास्त. तिच्यामुळे दोन चांगले वाचक गेले. परत आले नाहीत.

कधी तो पान दाखवू शकत नाही. मग अंक त्याच्या हातात द्या, "शोध, दहा मिनिटांनी विचारतो" म्हणा आणि पुढे जा.

आणि बरेचदा खरं दुखणं तिसरंच असतं. आमच्या वयाची माणसं इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'वर, वाढली. रद्दीवाल्याकडून चार आण्याला भाड्याने आणलेले अंक, उशीखाली ठेवलेले. तोच वेताळ आज उघडला की जंगलातला एकुलता एक गोरा आणि भोवती त्याला देव मानणारी काळी माणसं दिसतात. हे कुणी दाखवलं की आपलं बालपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. तेव्हा सूत्रधाराने आधी स्वतःचा आवडता अंक काढावा आणि त्यातलं खटकणारं स्वतः दाखवावं. मी वेताळच काढतो. अजूनही आवडतो, हेही सांगतो.

टप्पा ९ : नंतरचा निरोप

त्याच रात्री ग्रुपवर चार-पाच ओळी टाका. कोण काय म्हणालं हे नावानिशी लिहू नका, कुणाचं आजारपण, जात, घर तर अजिबात नको. राहिलेला एक प्रश्न आणि पुढची पानं, बस. नमुन्याला आमचा मागच्या महिन्याचा:

"आज ओरॅकल, भाग दोन. बारा जण. वाटाणे एकूण नऊ, त्यातले पाच सूत्रधाराचे. राहिलेला प्रश्न: ओरॅकल फ्रिजमधून बाहेर आली का? पुढच्या वेळी हॉकआय १९, खुणा कळत नसतील तर कळत नाहीत असंच राहू द्या. रविवारी मेगाब्लॉक आहे, कळवा-मुंब्र्याकडच्यांनी अर्धा तास आधी निघा. लिफ्ट चालू आहे, आज जाऊन बघितली."